वंशावळीत एकाच नावाचे दोघे एक होऊन बसतात तेव्हा

वंशावळ शोधायला बसलेल्या बहुतेकांची गाडी एकाच टप्प्यावर अडते. सातबारा, फेरफार, त्यामागच्या जमिनीच्या जुन्या नोंदी म्हणजे कडई पत्रक, सूडपत्रक असं करत आपण इंग्रजी अमलातल्या पहिल्या मोजणीपर्यंत पोचतो. तिथे खातेदाराचं नाव मिळतं, समजा राघोजी बिन सुभानजी, म्हणजे सुभानजीचा मुलगा राघोजी. मग घरातल्या पेटीतून किंवा भाऊबंदांकडून पेशवाईतला एक मोडी कागद निघतो. गाव तेच, आडनाव तेच आणि नावही राघोजीच. आनंदाच्या भरात दोघांना एक केलं जातं आणि वंशावळीत लिहिलं जातं, ‘राघोजी, सुमारे १७४० ते १८४०’. शंभर वर्षं जगलेला आणि शेवटपर्यंत खातं स्वतःच्या नावावर ठेवणारा पूर्वज असा तयार होतो.

मी गेली काही वर्षं नातेवाईक आणि ओळखीच्यांचे मोडी कागद वाचून देतो. ही चूक मला घरोघर दिसली आहे. आमच्या घरातही होती, चुलत्यांनी मोठ्या हौसेने छापून भिंतीवर लावलेल्या वंशावळीत. ती कशी सापडली आणि कशी सुटली ते इथे लिहितो. घरच्या माणसांची नावं बदलली आहेत, बाकी कागदांचा क्रम जसा होता तसाच.

आधी चूक का होते ते पाहू. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत होती, आणि बहुधा आजोबा वारल्यावरच ठेवायचे. पेशव्यांचं घराणं डोळ्यांपुढे आणा. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव, त्याचा मुलगा पुन्हा बाळाजी. बाजीरावांचं मूळ नावही विसाजी, म्हणजे आजोबा विश्वनाथांचंच. रघुनाथरावांच्या मुलाचं नाव पुन्हा बाजीराव. इतकं प्रसिद्ध घराणं, म्हणून आपला गोंधळ होत नाही. पण साध्या मिरासदाराच्या, म्हणजे वंशपरंपरेने जमीन धारण करणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात राघोजीचा सुभानजी, सुभानजीचा राघोजी अशी साखळी चालली आणि मधल्या सुभानजीचा एकही कागद उरला नाही, तर वरचा आणि खालचा राघोजी एकमेकांना चिकटणारच.

आडनावाचा आधार इथे फारसा मिळत नाही. अठराव्या शतकात आडनाव हे आजच्यासारखं पक्कं नव्हतं. नाना फडणवीस मूळचे वेळासचे भानू, फडणिशीमुळे फडणीस झाले. महात्मा फुल्यांचं घराणं मूळचं कटगुणचं गोऱ्हे, फुलांच्या व्यवसायामुळे फुले झाले. तुमच्या घरातही १८०० च्या मागे गेल्यावर नुसतं पाटील, चौगुला किंवा मोकदम लिहिलेलं आढळेल, किंवा आडनावच नसेल. म्हणून नाव आणि आडनाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं धरू नका. माणूस ओळखायच्या दोन पक्क्या खुणा आहेत, त्याचं थळ, म्हणजे जुन्या नावाने ओळखली जाणारी त्याची जमीन, आणि त्याची बायको.

पण त्याआधी साल तपासा

आमच्याकडे एक चूक नव्हती, दोन होत्या आणि एकीने दुसरीला झाकून टाकलं होतं. घरात दोन जुने कागद होते. एक शके १६९०, सर्वधारी नाम संवत्सराचा, म्हणजे १७६८-६९ चा. त्यात राघोजी स्वतः हजर आहे. दुसरा त्याच्या विधवेने लिहून दिलेला, आणि त्यावर कोणीतरी पेन्सिलीने १७६२ लिहून ठेवलं होतं. नवरा १७६८ ला जिवंत आणि बायको १७६२ ला विधवा! त्यामुळे चुलत्यांनी विधवेचा कागद ‘दुसऱ्या कुठल्या तरी राघोजीचा’ म्हणून बाजूला ठेवून दिला. जो कागद सगळा गुंता सोडवणारा होता तोच वगळला गेला.

त्या कागदावर साल असं होतं: सन इसन्ने सबैन मया व अलफ. इसन्ने म्हणजे दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. एकूण ११७२. वाचणाऱ्याने हे फसली, म्हणजे महसुली हिशेबाचं साल धरलं आणि ५९० मिळवून १७६२ काढलं. पण असं अरबी शब्दांत लिहिलेलं साल शुहूर सनाचं असतं, त्यात ५९९ मिळवायचे. ११७२ म्हणजे १७७१-७२. दोन्ही सालं मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतात, दोन्ही मराठी कागदांत सर्रास येतात आणि दोघांत नऊ वर्षांचं अंतर असतं. तुमच्या वंशावळीत कुठे नऊ वर्षांची विसंगती दिसली, मूल बापाच्या लग्नाआधी जन्मलं किंवा मेलेला माणूस साक्षीला उभा राहिला, तर सर्वांत आधी फसली आणि शुहूर यांची अदलाबदल झाली नाही ना ते बघा. जानेवारी ते जूनचा कागद असेल तर मिळवणीत एक वाढवायचा, शुहूरला ६०० आणि फसलीला ५९१.

हे आकडेशब्द पाठ करून टाका, एका दुपारचं काम आहे. अहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सित, सबा, समान, तिसा हे एक ते नऊ. अशर दहा, अशरीन वीस, सलासीन तीस, अर्बैन चाळीस, खमसैन पन्नास, सितैन साठ, सबैन सत्तर, समानीन ऐंशी, तिसैन नव्वद. घोटाळा होतो तो सबा आणि सबैन, तिसा आणि तिसैन यांत, कारण घाईच्या मोडीत शेवटचं अक्षर नुसता एक फराटा असतो. शब्दांचा क्रम लक्षात ठेवला तर वाचवतो. आधी एकक, मग दशक, मग शेकडा.

नुसतं संवत्सराचं नाव असेल आणि शक नसेल तर साठ वर्षांचं चक्र आड येतं. खर संवत्सर १७११ लाही होतं आणि १७७१ लाही. अशा कागदाचं एकच साल ठरवून पेन्सिलीनेसुद्धा लिहू नका, टिपणात दोन्ही सालं लिहून ठेवा.

थळ धरून वर चढा

नावं बदलतात, आडनावं बदलतात, शेत मात्र जागचं हलत नाही. अडचण एवढीच की शेताची ओळख दोनदा बदलली आहे. आज गट नंबर आहे. तो जमिनींच्या एकत्रीकरणात आला. त्याआधी सर्व्हे नंबर होता. सर्व्हे नंबरांची पद्धत १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात बसली आणि मग तालुक्यातालुक्यातून पसरली. त्याच्याही आधी शेताला नंबर नव्हता, नाव होतं. त्या नावाच्या एककाला थळ म्हणत, आणि गावातल्या थळांची यादी म्हणजे थळझाडा.

गटावरून सर्व्हे नंबर काढणं सोपं आहे. भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरणाचा ९(३) आणि ९(४) चा उतारा मागा, त्यात जुना नंबर मिळतो. सर्व्हे नंबरावरून थळाकडे जाताना मात्र बहुतेक लोक हात टेकतात, कारण तो दुवा सांगणारा कागद क्वचितच मिळतो. हा दुवा कागदात शोधण्याआधी गावात शोधा. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात थळाचं नाव अजून जिवंत असतं, फक्त ते थळाचं आहे हे त्यांना माहीत नसतं.

मला ते आत्याने दिलं. ती नव्वदीला टेकलेली, ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी विचारलं, “आत्या, ओढ्याकडच्या शेताला काय म्हणायचे गं पूर्वी?”

“कुठलं, जगदाळ्याचं व्हय?”

“जगदाळ्याचं का?”

“आजा म्हनायचा, जगदाळ्यात जातो. म्हनून आमीबी म्हनायचो.”

“पण आपल्या गावात जगदाळे कुठं आहेत?”

“न्हाईतच की. कवाच नव्हते.”

कधीच नव्हते असं नाही. तिच्या आठवणीत नव्हते. थळाला बहुतेक वेळा मूळ मिरासदार घराण्याचं नाव असे. ते घराणं नाहीसं झालं, वंश खुंटला किंवा परागंदा झालं, की ती जमीन गतकूळ म्हणून लिहिली जाई आणि पुढे दुसऱ्या कोणाला मिरासीने मिळे, पण थळाचं नाव तेच राही. थळझाड्यात ‘थळ जगदाळे’ आणि कसणारा म्हणून आपला पूर्वज, असं वाचून अनेकजण समजतात की आपलं मूळ आडनाव जगदाळे होतं. तसं नाही. थळाचं नाव हे जमिनीचं नाव आहे. ही चूक केलेली दोन छापील घराण्याची पुस्तकं मी स्वतः पाहिली आहेत.

थळाचं नाव हाती आलं की जुन्या कागदांत माणसाच्या नावाऐवजी ते शोधायचं. क्षेत्र बिघ्यांत आणि चाहुरांत असतं, १२० बिघ्यांचा एक चाहूर. भाऊवाटणी झाली की तक्षीम, म्हणजे वाट्याला आलेला हिस्सा, निमी, चौथाई अशी उतरत जाते, आणि ही उतरंड जुळवली की पिढ्या आपोआप मोजल्या जातात. पूर्ण थळ, मग निमं, मग पाव. शके १६९० च्या कागदात राघोजीकडे सबंध थळ होतं आणि पहिल्या मोजणीतल्या राघोजीकडे त्याच जमिनीचा अर्धाच हिस्सा. मध्ये एक वाटणी झाली आहे, म्हणजे मध्ये एक पिढी आहे. एका माणसाचे दोन होण्याची पहिली खूण आम्हाला इथे मिळाली.

मध्ये खंड पडलेला दिसला तर १८०२ ते १८०४ ही वर्षं आठवा. यशवंतराव होळकरांची स्वारी आणि पाठोपाठचा दुष्काळ यांत पुण्याभोवतीची गावंच्या गावं उठली. त्या काळात कुळं परगावी गेली आणि काही वर्षांनी परतली. जमाबंदीत दहा वर्षं नाव नाही म्हणजे वंश संपला असं लगेच धरू नका.

‘कोम’ हा शब्द शोधा

लोक विचारतात की अठराव्या शतकातली लग्नाची नोंद कुठे मिळेल. लग्नाचं रजिस्टर असं काही नव्हतंच. पण लग्न कागदात येतं ते दुसऱ्या वाटांनी, आणि सर्वांत भरवशाची वाट जमिनीच्या कागदातून जाते. बिन किंवा वलद म्हणजे अमक्याचा मुलगा, हे बहुतेकांना ठाऊक असतं. कोम म्हणजे अमक्याची बायको. क्वचित त्याजागी भ्रतार असा शब्द घालून नवऱ्याचं नाव येतं. मोडीत शब्द सुटे नसतात, आधी आडवी रेघ मारून तिला एकाला एक अक्षरं लटकवलेली असतात, त्यामुळे ‘कोम’ नावातच मिसळून जातो आणि वाचणारा बाईचं नाव वगळून पुढे जातो.

बाजूला ठेवलेला तो विधवेचा कागद मी दिवाळीच्या सुट्टीत चुलत्यांच्या पेटीतून काढला. वीतभर रुंद, दोन बंद म्हणजे कागदाचे दोन तुकडे जोडलेला, जोडावरचा डिंक पिवळा पडलेला. घडीवर छिद्रं होती. शके १६९० च्या कागदातही ‘बिन’ नंतरचा शब्द घडीवरच गेला होता आणि बापाचं नाव वाचायचं राहिलं होतं. खिडकीशी धरून मागून उजेड घेतला तेव्हा शाईचा उरलेला ठसा दिसला, येसाजी. म्हणजे वरचा राघोजी बिन येसाजी आणि मोजणीतला राघोजी बिन सुभानजी. इतकी वर्षं उत्तर घडीत दबून राहिलं होतं. फाटक्या घडीचा कागद आधी मागून उजेड देऊन बघा आणि मोबाइलने तिरप्या उजेडात फोटो काढा. ओलं बोट, टेप, लॅमिनेशन यांतलं काहीही त्याला लावू नका.

विधवेच्या कागदात मजकूर असा: सखूबाई कोम राघोजी, नवरा मयत, मूल पाच वर्षांचं, नाव सुभानजी, सरकारचा वसूल थकला, सबब थळ जगदाळे पैकी तीस बिघे गहाण. तळाशी साक्षीदार. पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी. त्यानंतर शेजारच्या गावचा एक माणूस, त्याच्या नावाला लागून ‘बंधू’. आणि सगळ्यांत शेवटी सखूबाईची स्वतःची निशाणी, एक बांगडी. लेखकाने बोरूने तिच्यासाठी काढलेलं एक वर्तुळ, सुरू झालं त्याच जागी नीटसं न मिळालेलं. अडीचशे वर्षांपूर्वीच्या आमच्या घरातल्या बाईची तेवढीच एक खूण आज जगात आहे.

या एका कागदात लग्नही आलं आणि जमीनही. नवरा कोण, तो कधीच्या आत वारला, मूल किती वर्षांचं, जमीन कुठली आणि बायकोचं माहेर कुठलं. विधवा, अज्ञान मुलगा आणि गहाणखत हा जोड जिथे असेल तिथे साक्षीदारांची नावं गाव आणि नात्यासकट उतरवून घ्या, कारण अशा वेळी बाईच्या बाजूने माहेरचा माणूस उभा राहतो. पुरुषांच्या खरेदीखतात हे सहसा मिळत नाही.

बायको ओळखताना दोन गोष्टींनी फसायला होतं. लग्नात मुलीचं नाव बदलत असे, त्यामुळे माहेरच्या कागदात सखूबाई शोधून उपयोग नसतो. तिथे भावाचं आणि बापाचं नाव शोधायचं. दुसरं असं, की शेतकरी घरांत पाट, म्हणजे बाईचं दुसरं लग्न, लागत असे आणि कागदात लग्नाची बायको, पाटाची बायको असा भेद लिहिलेला असतो. दोन बायकांची मुलं वाटणीत वेगवेगळ्या ओळीत येतात आणि वाचणारा त्यांना दोन बापांची मुलं समजतो. गावच्या जुन्या हिशेबात लग्नटका आणि पाटदाम अशा पट्ट्या, म्हणजे लग्नावरचे आणि पाटावरचे कर असत. त्यांच्या नावनिशीवार याद्या सुदैवाने मिळाल्या तर लग्नाचं वर्षच हाती येतं. मला आजवर अशी एकच यादी मिळाली आहे, आणि ती दुसऱ्यांच्या गावची. वयाचा अंदाज बांधताना आजचा हिशेब लावू नका. मुलींची लग्नं आठ-दहाव्या वर्षी होत, त्यामुळे लग्न आणि पहिलं मूल यांत सात-आठ वर्षांचं अंतर अगदी साधं आहे.

जुळणी पक्की करायला

आमची जुळणी पक्की झाली ती नाशिकला, तीर्थोपाध्यांच्या वहीत. यात्रेकरू गेला की उपाध्ये त्याच्या तोंडून घराणं लिहून घेत. श्राद्धात बापाच्या बाजूच्या तीन पिढ्यांइतकाच आईच्या बापाचा, मातामहाचा उच्चार लागतो, म्हणून त्या वह्यांत आजोळही येतं. कुळकर्ण्याच्या दप्तरात हे मिळायचं नाही. आमच्या उपाध्यांनी गावाच्या नावावरून वही काढली. शके १७१९ मध्ये, म्हणजे १७९७ च्या सुमारास, सुभानजी आला होता. बाप राघोजी, आजा येसाजी, आई सखूबाई, आजोळचं गाव साक्षीदार भावाचंच, आणि शेवटी ‘पुत्र राघोजी’. मोजणीतला खातेदार तो हा. शंभर वर्षांचा एक माणूस सुटून दोन झाले, आजोबा आणि नातू. नाशिकला मिळालं नाही तर त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, गया, काशी इथे विचारा. जाताना आडनावाऐवजी गावाचं जुनं नाव, तर्फ आणि परगणा लिहून न्या. वह्या गाववार लावलेल्या असतात आणि १७९७ चा परगणा आजच्या तालुक्याशी जुळत नाही.

वतनदार घरांनी पुण्याच्या पुराभिलेखागारात जावं. पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, तिथेच आहेत. हजारो रुमालांत नावाने शोधायला गेलात तर वर्ष जाईल. परगणा आणि वतनाचा प्रकार ठरवून जा आणि इनाम चौकशीचे कागद आधी मागा. १८५२ च्या कायद्यानंतर इनामदारांना आपला हक्क सिद्ध करावा लागला आणि त्यासाठी कैफियतीबरोबर, म्हणजे लेखी निवेदनाबरोबर, वंशावळी जोडल्या गेल्या. हे कागद सोन्यासारखे आहेत, पण त्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. इनाम टिकवायचं असल्यामुळे वंश अखंड दाखवला जाई. दत्तक औरस म्हणून येतो, घरजावई मुलगा म्हणून येतो, निपुत्रिक भावांची फांदी गाळली जाते. खरं ऐकायचं तर त्याच वतनाचा भाऊबंदकीचा निवाडा वाचा. तिथे विरुद्ध बाजू प्रत्येक लपवलेली गोष्ट बोलून दाखवते. पाटिलकीच्या कागदात ‘वडीलपण’ आणि ‘धाकटेपण’ वाचून सख्खे भाऊ मांडू नका, निमी पाटिलकी विकत घेतलेल्या परक्या घराण्यातही मानपानाचा हा क्रम लागतो.

मराठवाड्यातल्या घरांची गोष्ट वेगळी. तिथे निजामाच्या महसुलाची भाषा फारशी आणि उर्दू, आणि इनामांचा उलगडा मुंतखबात, म्हणजे इनामाच्या निकालाच्या कागदात होतो, त्यामुळे मोडी वाचणाऱ्याबरोबर उर्दू वाचणाराही गाठावा लागतो. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांना लग्न आधी मिळतं. चर्चच्या विवाह नोंदीत वर आणि वधू दोघांच्या आईबापांची नावं असतात. त्यांना खरे कष्ट पडतात ते धर्मांतराआधीच्या नावाशी दुवा जोडताना, आणि तिथे गावकरीची, म्हणजे कोमुनिदादची जमीन कामी येते, कारण गावकरपण बापाकडून मुलाकडे चालत आलेलं असतं.

चुलत्यांना मी दिवाळीच्या पाडव्याला दोन्ही कागद आणि वहीतला उतारा शेजारी ठेवून दाखवले. ते बराच वेळ बांगडीवर बोट न टेकवता बघत राहिले. मग म्हणाले, “नवीन छापू. हिचं नाव घाल. माहेरच्या गावासकट.” छापायला दिली आहे. आता येसाजी राहिला आहे. थळ जगदाळे गतकुळातून त्यालाच मिळालं की त्याच्या बापाला, हे सांगणारं मिरासपत्र किंवा त्याच्या नकलेची एखादी ओळ परगण्याच्या कागदांत असायला हवी. पुढच्या सुट्टीत तेच रुमाल मागवणार आहे.